जमा

निवडणूक लागली की विजयकरकाका
टर्किश टॉवेलात गुंडाळून
तिन्ही रिव्हॉल्व्हरं गावदेवी ठाण्यात नेतात.
टॅक्सीत मांडीवर. मी सोबतीला.

तांबोळीबाई विचारतात, चालतं का हे?
काका म्हणतात, घोड्याखाली बसवायची
तांब्याची टोपीच मिळत नाही आता.
त्या लिहितात: सहा बार. जुने. अमेरिकन.

तिसरं फंडाच्या पैशातलं.
त्याच्या चक्रावर गलबतं कोरलीत,
दोन कुणाच्या तरी अंगठ्यानं
घासून घासून बुडवली.
एकाचं शीड भिंगातून अजून दिसतं.

हे तिकडे सुटत होतं तेव्हा
इकडे कापसाला सोन्याचा भाव.
काकांच्या खापरपणजोबांनी
गाद्या उसवून विकल्या म्हणे,
ठाकूरद्वारला तीन मजले चढवले.
मग तिकडे तह झाला
आणि मजले उतरले, एकेक करून,
सावकाराच्या नावावर.

काका यातलं काही बोलत नाहीत.
एवढंच विचारतात,
कपाटात ओल नाही ना तुमच्या?
मधूनअधून तेलाचं बोट लावाल?

बाई पावती फाडतात.

परतताना काका रिकामा टॉवेल
तसाच धरून चालतात,
दोन्ही हातांवर.