या आठवड्यात ळ

पहिली ब. तांडापेठ, मनपाची शाळा,
संक्रांतीचा आठवडा.
पटावर अडतीस, आलेले एकतीस,
बाकीचे छतावर, मांजा धरून.

नियोजनाच्या वहीत मी लिहिलंय:
भाषा – ळ. गणित – दहाच्या पुढे.
गणिताचं राहू द्या. दहाच्या पुढे ही पोरं
केव्हाच गेलीत, चिल्लर मोजता मोजता.
अडलंय ते ळपाशी.

या अक्षराने एकही शब्द सुरू होत नाही.
गणपतीला ग आहे, मगरीला म,
ळ बिचारा कुणाचाच पहिला नाही.
मधे उभा, नाहीतर शेवटी,
प्रार्थना संपत आल्यावर
रांगेत घुसणाऱ्या रिद्धमसारखा.

जीभ मागे न्या, मी सांगते. उलटी टाळूला लावा.
आता सोडा.
ओवेशचे पुढचे दोन दात पडलेत,
तो तोंडावर हात ठेवून बसलेला.
अरे, याला दात लागतच नाहीत, मी म्हणते,
आणि ज्याच्या घरी हे अक्षरच नाही
तोच सगळ्यांच्या आधी म्हणतो: ळ.
स्वच्छ, गोल, विहिरीत खडा पडल्यासारखा.

बाकीचे म्हणतात य.

फळा म्हणजे फया. डोळे म्हणजे डोये.
नळ म्हणजे नय, आणि त्याला सकायपासून पानी नाई.
तिळगूळ लिहून दिला, एका शब्दात दोन ळ,
तर मोनल उठून उभी:
तियगूय घ्या, गोड बोला, मॅडम!
इतकं गोड, की दुरुस्त करायला
खडू उचलवेना.

नरखेडला आम्हाला पट्टी होती. लाकडी.
प्रत्येक 'शाया'ला एक.
डी.एड.पर्यंत माझी जीभ सरळ झाली,
म्हणजे वाकडी झाली, हवी तिथे.

गुरुवारी अन्वेषने हात वर केला.
तो सहसा करत नाही.
पाटीवर त्याने लिहिलं होतं कळमना,
ळची दुसरी गाठ पहिलीच्या दुप्पट.
"मॅडम, माये बाबा कयमन्याले जाते, हमालीले.
थे कयमना म्हनते.
मंग थे चूक म्हनते का?"

तेवढ्यात बाहेर कुणी ओरडलं, ओ काट!
एक लाल पतंग खिडकीवरून गोते खात गेला
आणि सगळ्या माना तिकडे.
वाटलं, सुटले.
अन्वेषची मान माझ्याकडेच होती.

मी म्हटलं, बाबा रोज पहाटे निघतात,
त्यांना ती जागा बरोबर सापडते ना?
"हो."
मग चूक कसे?
लिहायचं मात्र असं,
म्हणजे जो तिथे कधी गेलाच नाही
त्यालाही सापडेल.

शिक्षक-हस्तपुस्तिकेत हे उत्तर नाही.
खरं आहे का, तेही मला माहीत नाही.
त्याने थुंकी लावून पाटी पुसली
(नको म्हणून कितीदा सांगितलंय)
आणि पुन्हा लिहिलं.
या वेळी पहिली गाठ मोठी.

सोमवारी क्ष.
भिंतीवरच्या तक्त्यात क्षत्रिय आहे,
मिशा, ढाल, तलवार,
तांडापेठेत कुणी पाहिलेला नाही.
म्हणून आज रविवारी, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरातून
मी एक पक्षी कापतेय.
तो त्याच्यावर चिकटवीन.
अक्षर मधे असलं तरी चालतं,
एवढं तर आता पोरांना पाठ आहे.

फोन वाजतो. नरखेडहून आई.
"काय करून राह्यली वं?"

कात्री बाजूला ठेवते.
"काई नाई," मी म्हणते,
"शायेचं काम."