तांबडा दोरा

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात, चोरिसांच्या माळांपलीकडे,
कुलपं, घड्याळांचे काटे, बिनजोडीच्या कुड्या यांच्या ढिगात
तो सापडला. साठ रुपये.
उघडत नाही हो, विकणारी म्हणाली, उघडला तर तुमचं नशीब.
मुठीला दोरा गुंडाळलेला, मूळचा तांबडा असावा.
तो मी तिथेच कापून टाकला.

माझ्याकडे असे एकतीस वस्तरे आहेत.
तारवटींनी हांबुर्गहून आणलेले, लिस्बनच्या बोटीतून उतरलेले,
एक शेफिल्डचा, इतका जाड की नारळ सोलावा.
आणि दाढी? बायको विचारते.
दाढी मी दहा रुपयांच्या पिवळ्या प्लास्टिकने करतो.
काय सांगू तिला. बत्तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनात
ढोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांना
रात्री काहीतरी बारीक लागतं.

दोन दिवस रॉकेलमध्ये.
मग खिळ्याचं डोकं कानशीने घासून मूठ सुटी केली.
म्हशीचं शिंग, एका कोपऱ्यात कसरीने खाल्लेलं.
आत वाळका साबण, आणि साबणात
दोन-तीन पांढरे खुंट.
सहाशेचा कागद, हजारचा, दोन हजारचा.
तांबडा गंज लवकर जातो, काळा हटून बसतो,
काळ्याखाली खड्डे असतात, ते असू द्यायचे.
खड्डा काढायच्या नादात पातंच जातं.
दगडावर पाणी. हाताचा भार नको, वस्तऱ्याचा आहे तेवढा पुरे.
शेवटी चामड्याचा पट्टा, दाराच्या कडीला अडकवून.
वळताना पाठीवर वळायचं.
धारेवर वळलात तर पट्टा गेला आणि धारही.
नखाने टिचकी मारली,
पातं डासासारखं गायलं.

त्या सकाळी मी त्यानेच दाढी केली.
आयुष्यात पहिल्यांदा गाल माझा वाटला नाही.

बोटीवर शाणूचा उल्हास भेटला, दाखवला त्याला.
त्याने शेपटावरचा ओरखडा बघितला, मग माझा गाल.
दोरा होता याला? तांबडा?
बाबांचा हा. मेलेल्यांचा.

बायको म्हणाली, घरात नको.
तेव्हापासून तो इंजिनरूममध्ये, पान्यांच्या पेटीत.

शाणू दिवाडीला सोप्यावर बसलेला असतो,
शहाऐंशीचा, पेज प्यायची तरी वाटी दोन हातांत धरतो.
जिवंत माणूस, तो म्हणाला, गाल फुगवतो, ओठ आत घेतो,
मान वर करतो. अर्धी दाढी तोच करत असतो.
मेलेला काडीची मदत करत नाही.
वर इस्त्रीचा सूट, कॉलर कडक, बायको दारात उभी.
काशिमीरची म्हणाली होती, लग्नाला केलीस तशी कर.
कापलं तर रक्त येत नाही, खरं आहे.
पण भरूनही येत नाही.
म्हणून हा सगळ्यांत धारेचा.

त्याने पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं.
हात थरथरत होता, नख थांबलं होतं.
मी बघू शकलो नाही, अंगणातल्या कोंबड्या मोजल्या.
बरा लावलायस, म्हणाला. दोरा?
कापला.
बांध.
तांबडाच हवा?
कसलाही. रंगाचं काय, अंधारात हाताला कळला पाहिजे,
माणसं मरायची तेव्हा गावात वीज कुठे होती.

मी परत देऊ केला. त्याने मिटून माझ्या हातात ठेवला.
दवर तुजेकडेन, म्हणाला. पूण पयस वचूं नाका.

मी कुठे लांब जाणार.
सहाची फेरी माझी. शेवटची स्कूटर चढली, साखळी ओढली,
इंजिन दोनदा खोकलं.
पेटीत दोरा नव्हता,
हिरव्या वायरचा तुकडा होता. तोच गुंडाळला
आणि पलीकडचा धक्का लागेपर्यंत
डोळे मिटून अंगठ्याने चाचपत राहिलो.