मुहूर्त नसलेल्या तारखा

पौषात लग्नं नसतात, म्हणून हॉल स्वस्त.
कन्नमवार नगरच्या कार्यालयाचे पाटणकर
डायरी उघडून विचारतात, "कार्य कुठलं लिहू?"
स्पर्धा.
"वक्तृत्व?"
नाही, गेमची. टीव्हीवर. मारामारीचा गेम.
त्यांनी लिहिलं: मुलांचा कार्यक्रम, जेवण नाही.

प्रायोजकासाठी मी सव्वीस दुकानं चढलो.
पंखेवाले म्हणाले, पोरं बिघडतात.
क्लासवाले म्हणाले, बिघडली की आमच्याकडे पाठवा.
मोबाइल कव्हरवाल्याने शंभर कव्हरं दिली,
सगळी एकाच, बंद झालेल्या मॉडेलची.
अंधेरीच्या काचेच्या ऑफिसात एका मुलीने
पाणी दिलं, नीट ऐकलं, विचारलं,
"तुमचा रीच किती?"
मी म्हणालो, भांडुप ते घाटकोपर.
ती हसली नाही. लिहून घेतलं तिने ते.
फोन मात्र आला नाही.

शेवटी पागधरे ऑप्टिशियन.
अकरा हजार, थुंकी लावून मोजताना म्हणाले,
"डोळे तुम्ही बिघडवा. गिऱ्हाईक माझंच."
अट एकच, कोपऱ्यात तपासणीचं टेबल,
आणि अक्षरांचा तक्ता स्टेजच्या मखमलीवर टाचलेला.

रविवार. नव्वद खुर्च्या, एकसष्ट डोकी,
चार टीव्ही, त्यातला एक आतेभावाने
आईला न सांगता आणलेला.
वरवधूची लाल सिंहासनं हलवायची परवानगी नव्हती,
म्हणून फायनल त्यांच्यावरच बसून खेळायची ठरली.
साडेअकराला फ्यूज उडाला.
आचाऱ्याच्या खोलीतून वायर ओढली,
तिला दिवसभर फोडणीचा वास.

समालोचक पवईहून येणार होता,
इंग्रजीवाला, स्वतःच्या हेडफोनसकट.
आला नाही.
माइक घेतला जितू तांडेलने,
जो मंडळाच्या कबड्डीला दरवर्षी घसा बसवून घेतो.
गेममधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.
"निळा चढाईला निघालाय... बोनसचा मोह बघा...
आत शिरला, लय आत शिरला,
अरे घोटा! घोटा धरला! पकड!"
पोरं खुर्च्यांवर उभी राहिली.
पडदे ओढलेल्या खोल्यांत, आवाज बंद करून,
बाप उठू नये म्हणून दात दाबून
जे आम्ही वर्षानुवर्षं खेळलो,
त्याला कुणीतरी आमच्या गल्लीतल्या गळ्याने
ओरडत होतं.
मला लाइनीतून पाणी आणायला जायचं होतं. गेलोच नाही.

पार्कसाइटची रुबिना काझी,
सेमीफायनल जिंकून वेळ घालवायला
टेबलाशी बसली. पागधरे म्हणाले,
"तिसरी ओळ वाच."
ती म्हणाली, "तिथे ओळ आहे?"

फायनलला ती तपासणीचीच फ्रेम घालून आली,
गोल, लोखंडी, नाकावरून घसरणारी,
आत दोन भिंगं खडखडत,
वधूच्या सिंहासनात पाय वर घेऊन.
समोर वराच्या जागी हेरंब घाडी.
जितूचा आवाज तोवर गेलेला,
तो नुसत्या हातांनी दाखवत होता पकड.

हरली. तीन-एक.
फ्रेम काढून पुसत म्हणाली,
"आत्तापर्यंत मी आवाजावर मारत होते.
मारण्याआधी तो खांदा मागे घेतो, माहीतच नव्हतं.
खांदाच बघत बसले."

हिशेब: सातशे चाळीस रुपये खिशातून.
पागधरेंना चौदा नंबर मिळाले,
कव्हरं अठ्ठ्याण्णव परत आली.
डिपॉझिटातून पाटणकरांनी दोनशे कापले,
सिंहासनाच्या हातावरची मखमल
कुणीतरी नखांनी सोलली होती, वधूच्या बाजूची.
पावती फाडताना, वर न बघता म्हणाले,
"चातुर्मास सगळा मोकळा आहे आपल्याकडे.
त्या ओरडणाऱ्याला विचारून ठेवा."