मोड

पहाटे उणे चौदा. बर्फ पायाखाली कुरकुरतो.
मिलोय्का माश्यांच्या खोपटात शिरते,
पेटीच्या फटीत रबरी नळी सारते
आणि दुसरं टोक कानाला लावते.

आहेत.
मंद आचेवर काहीतरी रटरटत राहावं तशा.
पंख मिटलेले, एकही हलत नाही,
छातीतले स्नायू तेवढे थरथरताहेत.
दहा हजार जणींनी बिलगून धरलेला
भोपळ्याएवढा उन्हाळा.
कडेच्या गारठल्या की आत सरकतात,
आतल्या कडेला येतात.
कुणी कुणाला हाक मारत नाही.

तीस वर्षं तिने गावच्या दुकानाचा गल्ला सांभाळला.
तिला हे असंच कळतं:
साखर म्हणजे शंभराची कोरी नोट,
आणि पेशीत ती नोट कुठेच चालत नाही.
एक स्नायू आखडायचा, एक क्षार दाराबाहेर ढकलायचा,
सगळा व्यवहार चिल्लरीचा.
म्हणून पेशीच्या पोटात शेकडो चिमुकले गल्ले,
रात्रंदिवस नोटा मोडून देत बसलेले.
एका साखरेची तीस-एक नाणी.
मोडताना बरीच सांडतातही.
ती ऊब.
सांडलेल्यावरच तर हिवाळा निघतो.

आणि प्राणवायू?
तो रांगेत अगदी शेवटी.
सगळ्यांनी पुढे ढकललेलं उरलंसुरलं
पदरात घेतो, आणि त्याचं पाणी होतं.
तो आला नाही तर रांग जागची हलत नाही.
नोटा असून दुकान बंद.

पेटीच्या पाठच्या काचेवर थेंब जमलेत.
बर्फाचे नव्हेत.
जूनमध्ये लिंडनच्या फुलांतून आणलेला मध
जळून झालेलं हे पाणी.
ती एक थेंब जिभेवर ठेवते.
गोड नाही.

घरात ओझबोल्टचं यंत्र घुमतंय.
इद्रियाच्या खाणीने त्याच्या फुप्फुसांत
धूळ ठेवली, मुदतठेवीसारखी.
खाण कधीच बंद झाली, व्याज चालू आहे.
नर्स झ्वेझ्दाना बोटाला चिमटा लावते: शहाऐंशी.
'जेवतात ना?'
'जेवतात. मधही मागतात.'
नोटांना तोटा नाही.
रांगेतला शेवटचा तेवढा पुरेसा येत नाही.

रात्री तो विचारतो, 'माश्या?'
'आहेत.'
मग तिला काय वाटतं कोण जाणे,
कोटाच्या खिशातून तीच नळी काढते,
एक टोक त्याच्या बरगडीवर, एक आपल्या कानाला.
तो हसतो. हसला की खोकतो.
खिडकीच्या काचेवर दोघांचं पाणी ओघळतंय,
कुठलं कुणाचं सांगता येत नाही,
सकाळपर्यंत गोठेल.

'काय ऐकतेस एवढं?'
'बोलू नकोस,' ती म्हणते,
'मोजायची चुकते मी.'