सुटा भाग

उद्यमनगरात सोमवारी मशिनं बंद,
म्हणून मॉड्यूलची कामं मी सोमवारी काढते.
खाली आप्पांचा पॅटर्नचा कारखाना,
कारखाना म्हणजे एक रंधा-मशीन, एक बाक, सागाचा भुसा
आणि फाउंड्रीवाल्यांनी परत न नेलेले लाकडी साचे.
वर पोटमाळ्यावर मी.
दोन पंखे, एक माझा, एक लॅपटॉपचा.
लॅपटॉपचा जास्त फिरतो.

मॉड्यूल मी लिहिलेलं नाही.
लिहिलं कुणा हाल्वोर्सननं, थंड मुलखात,
आणि एका डिसेंबरात वरच ओळ टाकली,
आता मला वेळ होत नाही, कुणी सांभाळेल का?
मी स्पेलिंगची एक चूक दुरुस्त करायला गेले होते.
सांभाळते, म्हणाले.
नऊ वर्षं झाली.
दारातल्या मांजराला आधी दूध घालू नये,
आई सांगायची.

सर्व्हर अवाढव्य, त्याचे धनी वेगळे,
किंवा कुणीच नाहीत, किंवा सगळेच.
माझ्याकडे त्यातला एक सुटा भाग,
सहाशे चाळीस ओळी.
विनंती आली की तिच्या माथ्यावरचा मजकूर वाचायचा,
नको ते खोडायचं, पुढे धाडायचं.
कोण वापरतं ठाऊक नाही.
चालतंय तोवर कुणी बोलत नाही.
सर्व्हरची नवी आवृत्ती आली की खाच सरकते,
काल बसणारा खुंटा आज बसत नाही,
मग मी कानस घेऊन बसते.

या खेपेची तक्रार लिमाहून, एका दवाखान्यातून.
तीन दिवसांतून एकदा सर्व्हर कोसळतो.
कधी? सांगता येत नाही. गर्दी असली की.
'माझ्याकडे असं होत नाही' असं लिहिलं,
खोडलं.
हे वाक्य ऐकून कुणाचाच दवाखाना चालू झालेला नाही.
दोन सोमवार लॉग चाळले.
मनातल्या मनात हाल्वोर्सनला शिव्या घातल्या,
त्याच्या मुलखातल्या बर्फालाही.

आप्पा जेवायला बोलवायला वर आले,
कानावर पेन्सिल, भुवयांत भुसा.
काय गं, बसंना व्हय?
बसतंय, पण तिसऱ्या दिवशी मोडतंय.
माप कितीचं धरलंस?
जेवढा मजकूर, तेवढी जागा.
आप्पा हसले. जेवढ्यास तेवढं?
खुळे, ओतलेलं आटतंय.
फुटाला एक सूत जास्त धरावं लागतंय.

त्यांची ती पट्टी मी ओळखते.
दिसायला साधी, फूट म्हणते आणि एका सुतानं खोटं बोलते,
बीड थंड होऊन आटतं, तेवढ्यापुरतं.
सहावीत दप्तरात घालून नेली होती,
भूमितीच्या बाईंनी हातावर दिली,
आणि आप्पा दिवसभर कारागिरांना सांगत हसत होते.

माझ्याकडे काही आटत नाही, आप्पा,
असं म्हणायला तोंड उघडलं
आणि तसंच राहिलं.
मजकूर संपतो तिथं एक शून्य बसतं,
इथं संपलं, एवढंच सांगायला.
त्याला जागाच धरली नव्हती.
इतकी वर्षं ते शेजारच्याच्या मांडीवर बसत होतं,
शेजारी रिकामा असला तर कुणाला कळणार?

ओळ कुणाची, ते नोंदीत पाहिलं.
हाल्वोर्सनची नव्हती.
सहा वर्षांपूर्वीचा सोमवार, वैजयंता सुतार.

अधिक एक.
दोनच अक्षरांचा बदल.
खाली टीप लिहिली,
शेवटच्या शून्यासाठी जागा धरली. चूक माझी.
थोडं थांबून अजून एक ओळ,
सूचना : केरबा सुतार, उद्यमनगर.
जेवण निवलं होतं.

मंगळवारी पलीकडच्या फाउंड्रीत भट्टी लागली.
बुधवार.
गुरुवारी तिसरा दिवस भरला.
आज शुक्रवार, लिमाहून अक्षर नाही.
खाली रंधा चालू आहे, भुसा जिन्यानं वर येतो.
कीबोर्ड उलटा करून मी झटकते,
टेबलावर पडतं थोडं साग,
थोडं बिस्कीट.