सात ओळी

मुलाखतीत विचारतील, का जाताय?
क्लासच्या बाईंनी सात ओळींचं जर्मन उत्तर
घोटून घेतलंय.

त्यात वॉर्ड नाही,
बेचाळीस खाटा, रात्रीला आम्ही दोघी,
अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस घरी,
मग पुन्हा तीच ऑर्डर.

विडी घरकुलात, वळता वळता अम्मा म्हणते,
म्हणून दाखव की गं.
मी म्हणते.
तिला काही कळत नाही,
पण शेवटी ‘डांके’ आलं
की मांडीवरचं सूप खाली ठेवते,
बोटांची तंबाखू पदराला पुसते.

बॅग तेवीस किलो.
सोलापुरी चादर काढली, शेंगाचटणी ठेवली.
चटणी काढली, चादर ठेवली.

तिचं बीपी बघायला
समोरच्या नरसूबाईला शिकवलंय.
पट्टा उलटा बांधते अजून.