धाकटं जेट

ओशमध्ये हिला काही होत नाही.
कांद्याच्या सतरा गोण्या, दोन सायकली,
कोणाच्या तरी लग्नाचा आरसा,
एवढं पोटात घालून बुखान्का गुणगुणत निघते.
बुखान्का म्हणजे पाव. पावासारखी दिसते, म्हणून ते नाव.
तुला ठाऊक आहे, बेकतूर,
पण तू बारा वर्षं मॉस्कोच्या सपाटीवर टॅक्सी चालवलीस.
तिथल्या गाड्या स्वतःचं डोकं चालवतात.
हिला डोकं नाही.
हिचं डोकं आजवर मी होते.

ताल्दिकच्या वळणांवर ती पहिल्यांदा कुरकुरेल.
तिसऱ्या गिअरचं दुसऱ्यावर येईल,
पाय तळाला लागेल आणि खाली काहीच नसेल.
तेव्हा चोक ओढू नकोस.
सगळे नवशिके तेच करतात. वाटतं, बिचारी उपाशी आहे.
ती उपाशी नाही रे, तिला अजीर्ण झालंय.
वर हवा विरळ,
आणि ही खालच्याच सवयीनं घास घेत राहते.
मागे बघ, धूर काळा.
प्लग काढ, तव्याच्या बुडासारखा निघेल.

सारी-ताशला थांब. अब्दिकारच्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून.
इंजिन निवू दे.
फ्लोटच्या वाटीशेजारचं बूच काढ,
आत पितळेचं जेट आहे, बोराच्या बीएवढं.
ते थोरलं. ते काढून धाकटं बसव.
भोकांतला फरक डोळ्यांना दिसत नाही,
उजेडाकडे धरूनही नाही. ओठांवर ठेवून फुंक, कळेल.

मग डिस्ट्रिब्युटर केसभर पुढे फिरव.
विरळ हवेत आग सावकाश पेटते,
तिला जरा आधी हाक मारावी लागते.
चढावर मुठीतल्या अक्रोडांसारखं वाजलं
तर हाक फार लवकर गेली. अर्धं मागे घे.
मिश्रणाचा स्क्रू आत घेत जा, ती अडखळेपर्यंत,
आणि मग थोडा मागे.
किती मागे? ते मला सांगता येत नाही.
मी कधी मोजलं नाही, ऐकलं.

काराकुलनंतर पेट्रोल पंपातच उकळायला लागतं.
जुनी मफलर भिजवून पंपावर गुंडाळ.
(ती निळी. तुझ्या वडिलांची आहे, पण आता ती पंपाचीच.)
अक-बैतालवर थांबून फोटो काढू नकोस.
अर्थात, काढशीलच.

आणि तू स्वतः सारी-ताशला एक रात्र झोप.
परवा बोलता बोलता दोनदा थांबलास,
हॉटेल, सोलर, कर्ज, परदेशी पाहुणे,
आणि मध्येच श्वास.
मी चहा ओतत होते, काही बोलले नाही.
तुझ्यातलं काही बदलायचं नाहीये.
नुसतं झोप.

आता उतरणीचं ऐक, कारण खरी चूक तिथे होते.
धाकटं जेट तसंच ठेवून खाली आलास
तर गाडी तक्रार करणार नाही. उलट छान पळेल.
आतल्या आत व्हॉल्व्ह लाल होत जातात.
तुझे वडील एकदाच विसरले.
मी मागे कांद्यांच्या जागी आडवी होते,
ते ओशचं हॉस्पिटल, ओशचं हॉस्पिटल म्हणत होते,
सारी-ताश मागे पडलं तरी ब्रेकला पाय लावला नाही.
गुलचा ओलांडलं, चिर्चिकचा चढ लागला,
आणि इंजिननं एक लांब शिटी घातली.
पुढचं तुला मी कधी सांगितलं नाही :
तू हॉस्पिटलात जन्मला नाहीस.
तू ह्या पावात जन्मलास,
आणि तुझे वडील बाहेर, हातभर काजळी,
आत यायला लाजत होते.

थोरलं जेट ह्या काडेपेटीत आहे.
पेटीला लाल दोरा बांधलाय, ती आरशाला लटकव,
समोर हलत राहील.
बसवताना फार आवळू नकोस.
पितळ मऊ असतं,
आणि तुझ्या हातांना अजून अंदाज नाही.